बंदीतली करधई

जेठ अर्धा सरला होता आणि बंदीची भिंत उत्तरेच्या अंगाने पुन्हा फोडलेली होती.

महिपतराव वाकून दगड बघत होते. चार दगड नीट काढून बाजूला ठेवलेले होते, पडलेले नव्हते. वरचा झडबेरीचा, म्हणजे रानबोरीचा, काटा दोन हात लांब सरकवला होता. मातीत खुरांचे ताजे ठसे. त्यांनी कमरेवर हात ठेवून अंग सरळ केलं. पलटणीत असताना घोड्याने टाकलं तेव्हापासून त्यांचा डावा खुबा वाकताना दुखायचा आणि सरळ होताना त्याहून जास्त.

शेळ्या आत होत्या. दिसत नव्हत्या, पण ऐकू येत होत्या. कोवळी साल ओढून काढताना शेळीच्या तोंडाचा जो आवाज होतो तो त्यांना आता झोपेतही ओळखू आला असता.

ही टेकडी पूर्वी डोंगरपुऱ्याची चरनोई, म्हणजे गायरान, होती. लश्कर शहरापासून सात कोसांवरचं हे गाव, त्यात निम्मी वस्ती शेळ्या पाळणाऱ्या गडरियांची. शंभर वर्षं शेळ्या चरून टेकडीवर नुसता तांबडा दगड उरला होता. दगडांच्या सांदीत करधई असायची, पण झाड म्हणावं अशी नाही. शेळ्यांनी खाऊन खाऊन ती जमिनीला चटईसारखी चिकटलेली. माणूस तिच्यावरून चालत जाई आणि पायाखाली झाड आहे हे त्याला कळत नसे. चार वर्षांपूर्वी जंगल खात्याने टेकडीभोवती दगडी भिंत घातली, चराई आणि तोड बंद केली, आणि पलटणीतून घरी बसलेल्या महिपतरावांच्या छातीवर पितळी बिल्ला लावून त्यांना रखवालीला बसवलं. लोक त्या टेकडीला बंदी म्हणू लागले.

करधईची मुळं मेलेली नव्हती. पहिल्याच पावसात चटईतून वीस-वीस फुटवे उठले. महिपतरावांनी दर थंडीत कोयता घेऊन एकेका ठोंबाशी बसून एक सरळ फुटवा राखला, बाकीचे कापले. कापलेल्या फांद्यासुद्धा त्यांनी गावाला दिल्या नाहीत, भिंतीवरच्या काट्यात रचल्या. आता करधई माणसाच्या खांद्याला लागत होती. काही डोक्यावर गेली होती. त्यांना मूल नव्हतं. आयुष्यात आपल्या हाताखाली उभं राहिलेलं असं काही त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

पंधरा दिवसांनी खात्याचे दिनकरराव पाहणीला येणार होते. झाडी उभी दिसली तर बंदी कायमची होणार होती. नाही दिसली, तर खातं हात झटकणार होतं, भिंत मोडून टेकडी पुन्हा चराईला. पंधरा दिवस काढायचे होते, एवढंच.

त्यांनी शेळ्या वळवल्या. चौदा निघाल्या. शेवटची फटीतून बाहेर पडली तेव्हा खालच्या खडकाआडून बिटोली धावत आली. ती विधवा होती. चौदा शेळ्या हेच तिचं घरदार.

"हवलदार साब, माझ्या आहेत."

"ठाऊक आहे."

"आपोआप शिरल्या."

"दगड पण आपोआप उचलले का?"

तिने ओढणी डोक्यावर ओढली. मग म्हणाली, "दोन दिवस त्यांनी काही खाल्लं नाही. पिंपळाचा पाला संपला. मारा मला हवं तर. कांजीहौसात नका नेऊ."

महिपतरावांनी काठी आडवी धरून शेळ्या वाटेला लावल्या. कांजीहौस म्हणजे सरकारी कोंडवाडा, तीन कोस लांब. वाटेत झाड नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. दगड असे तापले होते की शेळ्या पाय टेकून लगेच उचलत होत्या.

बिटोली मागे मागे येत होती. "ती काबरी गाभण आहे. तिला तरी सोडा."

"एक सोडली तर उद्या चाळीस येतील."

"मी नाही सांगणार कुणाला."

"तू नाही सांगणार. शेळी सांगेल. पोट भरलेलं दिसतं."

दीड कोसावर काबरी बसली. महिपतरावांनी काठीने ढोसलं, उठली, पुन्हा बसली. तिने तिथेच वाटेवर करडू टाकलं. दिवस भरले नव्हते. करडाच्या अंगावर केस नव्हते, डोळे मिटलेले, त्याने एकदा तोंड उघडून मिटलं आणि ते तसंच राहिलं. काबरी त्याला चाटू लागली.

महिपतराव उभे राहिले. घाम डोळ्यांत जात होता. ते थांबले असते तर बाकीच्या तेरा पांगल्या असत्या.

"चल," ते शेळ्यांना म्हणाले.

बिटोलीने करडू ओढणीत गुंडाळलं. का गुंडाळलं ते तिलाही सांगता आलं नसतं. काबरीला तिने पुढचे दोन पाय धरून खांद्यावर घेतलं आणि चालू लागली, आपल्याच शेळीला आपणच कोंडवाड्याकडे नेत.

कांजीहौसाच्या कचेरीला कुलूप होतं. मुन्शी सोयऱ्याकडे गेला होता. शिपाई म्हणाला, संध्याकाळी येतील. हौदात पाणी नव्हतं, तळाला वाळलेलं शेवाळ होतं. शिपायाने फाटक उघडून शेळ्या आत घेतल्या आणि म्हणाला, "पाणी ज्याचं त्याने आणायचं." महिपतरावांनी अंगठा उठवला आणि परत फिरले. बिटोली फाटकाशी बसून राहिली. दोन दिवसांनी शेळ्या सुटल्या तेव्हा अकरा होत्या.

*

महिपतरावांच्या पत्नी लीलाताई चुलीपुढे बसून शेणी फुंकत होत्या. झोपडी भिंतीलगतच होती, गवताने शाकारलेली. रखवालदाराच्या घरात लाकूड जळताना दिसलं तर गाव काय म्हणेल, म्हणून पहिल्या दिवसापासून महिपतरावांनी बंदीतली काटकी घरात येऊ दिली नव्हती. चार वर्षं त्या घरात शेणीच जळत होत्या. पावसाळ्यात शेणी ओल्या होत, मग धूर. लीलाताईंचा खोकला दुसऱ्या पावसाळ्यात सुरू झाला तो थांबला नाही. आता त्यांच्या गळ्याची हाडं वर आली होती, आणि चुलीपासून खाटेपर्यंत जायचं तर मध्ये एकदा बसावं लागे.

वैद्याने शेळीचं दूध सांगितलं होतं. रखवालदाराने शेळी पाळायची नाही असा खात्याचा नियम. दूध बिटोलीकडून येत होतं, रोज संध्याकाळी लोटाभर. लीलाताई गडरियांच्या वाड्यांवर जाऊन बसत. खात्याला बाभळीचं बी हवं असे, आणि बाभळीचं बी शेळीच्या पोटातून गेलेलंच चांगलं उगवतं. लीलाताई बायकांबरोबर बसून लेंड्यांतून बी निवडत. त्या बायकांची बोली त्यांना येत होती, त्यांची बाळंतपणं त्यांनी केली होती. गावात महिपतरावांशी कुणी धड बोलत नसे. लीलाताईंना मात्र सगळे बाई म्हणत.

त्या संध्याकाळी दूध आलं नाही.

"बिटोलीला बरं नाही की काय," लीलाताई म्हणाल्या.

महिपतराव जेवत होते. "तिच्या शेळ्या घातल्या मी आत."

"आत म्हणजे?"

"कांजीहौसात."

लीलाताईंनी भाकरी थापणं थांबवलं. "काबरीला पण?"

"सगळ्या."

"ती गाभण होती."

महिपतराव पाणी प्यायले.

"काय केलंत तिचं?"

"मी काही केलं नाही. वाटेत टाकलं तिने."

लीलाताईंना खोकल्याची उबळ आली. थांबल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं, पदर पाहिला आणि दुमडून घेतला. "तुम्ही इतकं कुणाचंच केलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"कुणाचं?"

"त्या झुडपांचं."

दुसऱ्या दिवशी पण दूध आलं नाही, तिसऱ्याही. लीलाताईंच्या पोटात आता भाताची पेज तेवढी राहत होती, तीही कधी कधीच. चौथ्या संध्याकाळी महिपतराव स्वतः लोटा घेऊन गडरियांच्या वस्तीत गेले. बिल्ला काढून ठेवावा की लावावा याचा त्यांनी थोडा विचार केला आणि लावला.

पातीराम पटेल ओट्यावर सूत कातत होता. गावचा पटेल तोच, आणि ऐंशी शेळ्यांचा धनी. आता चाळीस उरल्या होत्या. त्याने खाट पुढे केली नाही.

"रामराम, हवलदार. लोटा कशाला?"

"दूध हवं होतं. घरात आजारी आहे."

"बाई?"

"हो."

पातीरामने चाती फिरवली. "दूध कांजीहौसात आहे. तीन कोस पडतात. वाट तुम्हाला माहीत आहे."

बाजूला बसलेले दोघं-तिघं हसले. एकजण म्हणाला, "पटेल, हवलदारांच्या बंदीत एवढा पाला आहे, पिळला तर दूध निघेल."

महिपतराव उभेच होते. हातातला लोटा कुठे धरावा ते त्यांना समजेना. "पातीराम," ते म्हणाले, "माझ्यासाठी नको देऊ."

"तुमच्यासाठी कोण देतंय. पण आटल्यात सगळ्या. खायला नाही तर दूध येणार कुठून? खोटं वाटलं तर पिळून बघा." त्याने दारातल्या शेळीकडे हात केला. "बघा ना. या."

महिपतराव गेले आणि शेळीजवळ बसले. खुबा दुखला. त्यांनी सड धरून ओढले. वाळल्या चामड्यासारखे सड. शेळीने लाथ मारली, लोटा गडगडत गेला. कुणी हसलं नाही या खेपेला. पातीरामने लोटा उचलून त्यांच्या हातात दिला.

"बंदी खोला, हवलदार. आठ दिवस. झाडं मरत नाहीत आठ दिवसांत. आमची जनावरं मरतात."

"माझ्या हातात नाही."

"काठी कुणाच्या हातात आहे?"

महिपतराव रिकामा लोटा घेऊन आले. वाटेत त्यांनी भिंत तपासली. दोन ठिकाणी दगड सैल होते, ते बसवले.

*

सातव्या दिवशी सकाळी पुरवैया, पूर्वेचा वारा, सुटली. वारा ओलसर होता, आकाश मात्र कोरडंच. लीलाताई म्हणाल्या, "मला जरा दाखवा."

"काय?"

"तुमची करधई. चार वर्षं बघते आहे, पण लांबून."

महिपतरावांनी त्यांना पाठीवर घेतलं. त्यांचं वजन काही नव्हतं, खुबा दुखला नाही. फाटकातून आत नेऊन त्यांनी एका खडकावर त्यांना बसवलं. उन्हाळ्यात करधई वाळल्यासारखी दिसते, नुसत्या करड्या काठ्या. पण हिला पाऊस लागत नाही, नुसती हवा ओली झाली की ही डोळे फोडते. काठीच्या टोकाला तांदळाएवढे हिरवे कोंब दिसत होते.

लीलाताईंनी एक काठी हाताने धरली. बराच वेळ धरून बसल्या.

"सरळ आली आहे," त्या म्हणाल्या.

"मी बाकीचे काढले ना."

"हो. मी ऐकत होते कोयता. थंडीत दिवसभर." मग म्हणाल्या, "काबरी मेली म्हणतात."

महिपतरावांनी ठोंबाभोवतीची माती पायाने सारखी केली.

"बिटोली परवा आली होती. तुम्ही वरच्या अंगाला होतात."

"दूध घेऊन?"

"नाही. तशीच. बसली होती." त्यांना दम लागला. "चला आता."

नवव्या दिवशी उजाडताना लीलाताई गेल्या. महिपतराव पाणी आणायला गेले होते. परत आले तर खाटेवरून एक हात खाली लोंबत होता. त्यांनी तो उचलून वर ठेवला. तो पुन्हा खाली आला. त्यांनी घागर नीट चुंबळीवर ठेवली आणि मग खाली बसले.

गावाला कसं कळलं कुणास ठाऊक. ऊन वर यायच्या आत बायका आल्या. बिटोली सगळ्यांत पुढे होती. तिने महिपतरावांकडे पाहिलं नाही. आत गेली, लीलाताईंचे केस सोडले, तेल लावलं, घागरीतल्या पाण्याने त्यांना न्हाऊ घातलं. बायका रडत होत्या. ते रडणं खोटं नव्हतं. एकजण सारखी म्हणत होती, "माझ्या पोराला हिने बाहेर काढलं होतं, बाई गं."

पातीराम आला. डोक्याचं पागोटं काढून बाहेर बसला.

"लाकूड," महिपतराव म्हणाले. "लाकडाचं काय करावं, पातीराम? लश्कराहून आणायचं तर दिवस जाईल. पडाववर लाकडाची टाल आहे, पण गाडी..."

"लाकडाची फिकीर करू नका."

"शेणी आहेत घरात थोड्या."

"बाईला शेणीवर जाळणार?" पातीराम म्हणाला. "गाव देईल. रीत आहे ती. तुम्ही तिच्यापाशी बसा."

महिपतरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी पातीरामचा हात धरला. आपण या लोकांना ओळखलंच नाही असं त्यांना वाटलं. ते आत जाऊन लीलाताईंच्या उशाशी बसले. बायकांचं रडणं चालू होतं. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं.

इकडची रीत अशी, की मयताला प्रत्येक घरचं लाकूड येतं. घरटी एक माणूस आपलं लाकूड आपल्या हाताने चितेवर ठेवतो, आणि अग्नी देणारा त्याच्यापुढे हात जोडतो. तुझं लाकूड घेतलं, असा त्याचा अर्थ. हात जोडले नाहीत तर ते लाकूड चितेवर राहत नाही आणि मेलेल्याची वाट अडते, असं मानतात. महिपतरावांनी हे दहा मयतांत पाहिलं होतं. बंदी झाल्यापासून लोक काय आणत होते तेही पाहिलं होतं, खाटेचे पाय, औताचा मोडका दांडा, दाराची फळी.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात तिरडी उतरवली तेव्हा दुपार झाली होती. लोक आधीच येऊन थांबले होते. सदतीस घरांचे सदतीस पुरुष, रांगेत, प्रत्येकाच्या खांद्यावर भारा.

पहिला पातीराम. त्याने भारा खाली ठेवला.

करडी, गुळगुळीत साल. टोकांना तांदळाएवढे हिरवे कोंब. कापलेल्या तोंडातून अजून ओल झिरपत होती. बुंध्याशी जुन्या वणांच्या गाठी होत्या, एकाशेजारी एक. चार थंड्यांत कोयत्याने बाजूचे फुटवे काढले होते त्या जागा. महिपतरावांनी स्वतःचा हात ओळखला.

त्यांनी टेकडीकडे मान वळवली. उत्तरेचा उतार इथून दिसत होता. तो काल होता तसा नव्हता. तांबडा होता.

पातीराम समोर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, राग नव्हता. तो वाट बघत होता. मागची सगळी रांग वाट बघत होती. तिरडीवर लीलाताईंचा चेहरा उघडा होता आणि त्यावर माश्या बसू लागल्या होत्या.

महिपतरावांनी हात जोडले.

दुसरा आला. त्याने भारा ठेवला. महिपतरावांनी हात जोडले. तिसरा. चौथा. काही भारे मनगटाएवढ्या काठ्यांचे होते, काही बोटाएवढ्या. कुठल्या खडकाशेजारची कुठली, ते त्यांना समजत होतं. एक पोरगेला गडरिया ठेवताना पुटपुटला, "बाईसाठी." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. महिपतरावांनी त्यालाही हात जोडले. सदतीस वेळा.

ओलं लाकूड पेटेना. अग्नी दिला की खालचं गवत भुरकन जळून जाई आणि वर काठ्या फसफसत, टोकांतून फेस येई. घरात होतं नव्हतं तेवढं तूप संपलं. धूर एवढा झाला की लोक तोंड फिरवून बसले.

पातीराम जवळ आला. "हवलदार, गवत पाहिजे. गावात छपरांवर उरलं नाही, जनावरांना घातलं. तुमच्या झोपडीचं आणू का?"

महिपतरावांनी मान हलवली.

चौघं गेले आणि छप्पर उतरवून घेऊन आले. त्याने थोडं पेटलं, मग विझलं. मग कुणी शेळ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांची पोती आणली. दिवस बुडायला आला तेव्हा एकदाची धग धरली. सबंध गाव बसून राहिलं. कवटी फुटल्याशिवाय उठायचं नसतं. महिपतराव पुढे बसले होते, लांब बांबूने काठ्या आत सारत होते. लीलाताईंचे पाय जळत नव्हते, ते बाहेर येत होते. ते त्यांनी तीनदा आत ढकलले.

*

दिनकरराव पाच दिवस आधीच आले. दुष्काळाची दुसरी कामं निघाली होती, म्हणून ही पाहणी अलीकडे घेतली. घोड्यावर छत्री धरून आले. लश्करच्या दाणा ओळीत राहणारा, चष्म्याचा, सभ्य माणूस. लीलाताईंना जाऊन तिसरा दिवस होता. महिपतरावांचं डोकं भादरलेलं होतं. झोपडीला छप्पर नव्हतं.

दिनकररावांनी आधी सांत्वन केलं. "वाईट झालं, महिपतराव. कळलं असतं तर मी आज आलो नसतो." मग बंदीत गेले. बराच वेळ चालले. बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते.

"मागच्या थंडीत मी स्वतः पाहिली होती. माझ्या खांद्याला लागत होती."

"हो, साहेब."

"अर्ध्याहून जास्त गेली. कुणी तोडली?"

"गावाने."

"सगळ्या गावाने?"

"सदतीस घरं आहेत. नावं सांगतो." त्यांनी नावं सांगितली. रांगेत जसे आले होते त्या क्रमाने सांगितली, एकही चुकलं नाही.

दिनकररावांनी गाव बोलावलं. लिंबाखाली सगळे बसले. बिटोली बायकांत मागे होती.

"बंदीतलं लाकूड तुम्ही तोडलंत?" दिनकररावांनी विचारलं.

"तोडलं, सरकार," पातीराम म्हणाला. "मयताला दिलं. विकलं नाही, घरी नेलं नाही. एक काडी कुणाच्या घरात सापडली तर माझं नाक कापा."

"कुणाच्या मयताला?"

"हवलदारांच्या बाईच्या."

दिनकररावांनी महिपतरावांकडे पाहिलं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"परवानगी होती?"

"साक्षीला खुद्द हवलदार होते, सरकार. प्रत्येकापुढे हात जोडले त्यांनी. चोरीच्या लाकडाला कोण हात जोडतं? नको होतं तर नाही म्हणायचं. काढून घेतलं असतं आम्ही."

"खरं आहे हे, महिपतराव? हात जोडलेत?"

"जोडले."

"लाकूड कुठलं ते ओळखलं होतं?"

"पहिल्या भाऱ्यालाच."

दिनकररावांनी चष्मा नाकावर वर सरकवला. "पण तोडायला सांगितलं कुणी? ह्यांनी?"

लोकांनी पातीरामकडे पाहिलं. पातीरामने जमिनीकडे. मग मागून बिटोली उभी राहिली, पदर डोक्यावर ओढून.

"बाईंनी सांगितलं."

"कोणत्या बाईंनी?"

"त्याच. जायच्या चार दिवस आधी मी गेले होते. म्हणाल्या, बिटोली, चार वर्षं शेणीचा धूर खाल्ला. मला शेणीवर नका जाळू. मला लाकडावर जाळा. मी म्हटलं, लाकूड कुठे आहे, बाई? म्हणाल्या, आहे की. दारात."

लिंबाखाली वारा नव्हता. घोड्याने शेपूट हलवून माशी उडवली.

"महिपतराव," दिनकरराव म्हणाले, "असं त्या म्हणाल्या होत्या?"

महिपतरावांना माहीत नव्हतं. बिटोली खोटं बोलत असेल. तिच्या शेळ्या गेल्या होत्या, तिला खोटं बोलायचा हक्क होता. पण खडकावर बसून काठी धरलेला लीलाताईंचा हात त्यांना दिसत होता, आणि तो हात काय जोखत होता हे आता त्यांना कुणी सांगणार नव्हतं.

"असेल," ते म्हणाले.

"असेल म्हणजे काय? हो की नाही? तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"तिने मागितलं असेल. मी हात जोडले. गावाचा काही दोष नाही."

दिनकररावांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण सदतीस घरांवर खटला भरायचा त्यांनाही कंटाळा होता. त्यांनी तिथेच मांडीवर कागद घेऊन लिहिलं. रखवालदाराने घरच्या कामासाठी राखीव झाडी तोडू दिली. रखवालदार कामावरून दूर. ठिकाण सुधारण्यासारखं राहिलेलं नाही, पुढचा हुकूम होईपर्यंत चराईला खुलं. वाचून दाखवताना त्यांचा आवाज खाली गेला. बिल्ला त्यांनी स्वतः मागितला नाही, हात पुढे केला तेवढा.

"आज दिवस मावळेपर्यंत तुम्हीच आहात, महिपतराव. फाटकाचा काटा तेवढा काढून द्या. लश्करात कुणी आहे?"

"बहीण आहे."

"जा तिच्याकडे. इथे काय आहे आता."

*

फाटकाशी शेळ्या दाटल्या होत्या. हुकूम व्हायच्या आधीच आणल्या होत्या लोकांनी. महिपतराव हाताने काटा काढत होते, कोयता त्यांनी आणला नव्हता. झडबेरीचा काटा वाकडा असतो, शिरतो तिकडून निघत नाही. तळहात रक्ताने ओले झाले. शेळ्या त्यांच्या गुडघ्यांना ढुशा देत होत्या.

"सरका बाजूला, हवलदार," पातीराम म्हणाला. "आम्ही काढतो." आवाजात टोचणी नव्हती. त्यामुळे ते अधिक वाईट वाटलं.

"सूर्य आहे अजून," महिपतराव म्हणाले आणि काढत राहिले.

वाट झाली. शेळ्या घुसल्या. उत्तरेच्या उतारावर कापलेल्या खुंटांना पुरवैयाने कोंब आणले होते, एकेका खुंटाला दहा-पंधरा, पुन्हा पहिल्यासारखे. शेळ्यांनी थेट तिकडेच तोंड लावलं.

बिटोली शेवटी होती. तिच्या अकरातल्या आता नऊ उरल्या होत्या. ती जवळून जाताना महिपतराव म्हणाले, "बिटोली."

ती थांबली.

"खरंच म्हणाली होती ती?"

बिटोलीने त्यांच्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहिलं. मग तोंडाकडे.

"नव्वद पावलांवर होती तुमच्यापासून, रोज," ती म्हणाली. "तिलाच विचारायचं होतंत."

एक शेळी मागे रेंगाळली होती. बिटोलीने तिला टाच मारून आत लोटलं आणि तिच्या मागून आत गेली.